‘आतां वय झालें’ : हा न्याय कीं अन्याय?



आपल्या खेड्यापाड्यांतून दिवसांत दहा वेळां कानीं पडणारें एक वाक्य आहे. आजोबा चष्मा कोठें ठेवला हें विसरले, आजीनें भाजींत मीठ दोनदां घातलें, किंवा पाहुण्याचें नांव एकाच्या ठिकाणीं दुसरें घेतलें, कीं घरांतील लहानथोर एकमेकांकडे पाहून म्हणतात, ‘आतां वय झालें!’ बोलणाराच्या मनांत बहुधा राग नसतो. पुष्कळदां दयाच असते. तथापि तें वाक्य म्हणजे एक निवाडा आहे, आणि तो साक्षीपुराव्यावांचून दिलेला असतो. त्या निवाड्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं. उपदेशक बंधूंनीं हा पाठ मंडळींत वाचून दाखवावा. आणि वडील माणसें समोर बसलीं असतील अशा वेळीं वाचावा, त्यांच्या पाठीमागें नव्हे.

आरंभीं माझा स्वतःचा एक अपराध सांगतों. पुणें जिल्ह्यांतील एका लहान मंडळीकडे मी पाळक होतों. तेथें एक वृद्ध विधवा बाई असे. सर्व गांव तिला आजी म्हणे. उपासना संपली कीं अर्पणाची थाळी तिच्यापुढें येई. ती नाणीं मोजी व हिशेब तोंडानें सांगे. हें काम तिच्याकडे पुष्कळ वर्षें चाललें होतें. पुढें पुढें तिच्या मोजणींत दोनचार रुपयांचा फरक येऊं लागला. मंडळींतील कांहीं जण मजजवळ येऊन म्हणाले, ‘पाळकसाहेब, आजीची बुद्धि आतां चालत नाहीं.’ मीं चौकशी केली नाहीं. पुढच्या रविवारीं गोड शब्दांनीं तिला म्हणालों, ‘आजी, तुम्हीं पुष्कळ सेवा केली. आतां विसावा घ्या.’ थाळी एका तरुणाकडे गेली. आजी कांहीं बोलली नाहीं. दोन महिन्यांनीं ती उपासनेस येईनाशी झाली. पुढें घरींही बोलेनाशी झाली. मुलगा म्हणाला, ‘वय झालें.’ मीही मान हालविली.

वर्षभरानें तालुक्याच्या गांवीं नेत्रतपासणीचें शिबिर भरलें, तेव्हां सून तिला सहज घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक रुपयाचें नाणें कोणतें व दोन रुपयांचें कोणतें हें तिला दिसत नव्हतें. बुद्धि जागेवरच होती. शस्त्रक्रिया झाल्यावर मी भेटीस गेलों. तिनें माझ्याकडे नीट पाहिलें, आणि एवढेंच विचारलें, ‘बाबा, इसावा म्या कवा मागितला व्हता?’ ह्या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तो प्रश्नच आजच्या पाठाचें मूळ होय.

१. असा निवाडा मनांत कसा तयार होतो

माणसाचें मन आळशी आहे. प्रत्येक मनुष्यास नव्यानें ओळखण्याचे श्रम त्याला नको असतात. म्हणून तें माणसांचे गठ्ठे बांधतें व प्रत्येक गठ्ठ्यावर एक शिक्का मारून ठेवतें. मग माणूस समोर आला कीं मन त्याच्या तोंडाकडे न पाहतां शिक्क्याकडेच पाहतें. विशीचा मुलगा किल्ली विसरला तर आपण म्हणतों, ‘घाईंत होता.’ चाळिशीचा मनुष्य विसरला तर, ‘कामाचा बोजा आहे.’ सत्तरीचा विसरला तर, ‘म्हातारा झाला.’ चूक एकच. पण पहिल्या दोघांस परिस्थितीचा आधार मिळाला, तिसऱ्यास मिळाला नाहीं. एका तराजूंत दोन वजनें वापरणाऱ्या वाण्यास आपण लबाड म्हणतों. मग आपल्या ह्या तराजूस काय म्हणावें?

ह्या दोषास रॉबर्ट बटलर नांवाच्या एका अमेरिकन डॉक्टरानें १९६९ सालीं प्रथम स्वतंत्र नांव दिलें. त्यास आपण वयभेद म्हणूं. पुढें सूझन फिस्क व त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या देशांतील लोकांचीं मतें तपासलीं, तेव्हां असें आढळलें कीं वृद्धांवरचा शिक्का बहुतेक ठिकाणीं एकच आहे : ‘प्रेमळ, पण असमर्थ.’ आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, ‘म्हातारी बिचारी मायाळू, पण तिला काय कळतें!’ ह्या शिक्क्यांत शिवी नाहीं, म्हणूनच तो अधिक घातक आहे. शिवी दिली तर माणूस भांडतो. दया दाखविली तर तो गप्प बसतो.

वाचकहो, आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवकुसाबाहेर राहावें लागलें. मनुष्य पाहण्यापूर्वींच त्याच्या जन्मावरून त्याची योग्यता ठरविली जात असे. हा अनुभव आपल्या घराण्यांतून अजून ताजा आहे. असा न्याय किती बोंचतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांनींच आपल्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यास तोच न्याय लावावा, हें आपल्याला शोभत नाहीं.

२. खरी गोष्ट काय आहे

म्हातारपणीं कांहींच बदलत नाहीं असें मी म्हणत नाहीं. १९५६ सालीं वॉर्नर शाई यांनीं अमेरिकेंतील सिअॅटल शहराच्या परिसरांत प्रौढ स्त्रीपुरुषांच्या बुद्धीची तपासणी आरंभिली, व पुढें कित्येक दशकें वेळोवेळीं त्याच माणसांस पुन्हां तपासलें. तींत असें दिसून आलें कीं कामाचा वेग लवकर मंदावतो. परंतु शब्दांचें ज्ञान व त्यांची समज पुष्कळ वर्षें टिकते, आणि साठीपूर्वीं बहुतेकांच्या बुद्धींत मोठी घट होत नाहीं. शिवाय माणसामाणसांत फार अंतर असतें. म्हणून ‘म्हातारीं माणसें अशीं असतात’ ह्या वाक्याचा आरंभच बहुधा चुकीचा असतो. म्हातारा बैल हळू चालतो, पण वाट चुकत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आणि ज्याला आपण वय म्हणतों तें पुष्कळदां वय नसतेंच. डोळ्यांतील मोतीबिंदू, कानाचा बहिरेपणा, रक्तांतील उणीव, जीवनसत्त्वाची कमतरता, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार, चुकीचें किंवा फाजील औषध, आणि खोल दुःख, ह्यांपैकीं कशानेंही माणूस गोंधळलेला दिसतो. ह्यांपैकीं बहुतेकांवर उपाय आहेत. स्मृतिभ्रंशाचा खरा रोगही असतो. परंतु तो रोग आहे, केवळ वय नव्हे, आणि त्यासही डॉक्टराची तपासणी, पथ्य व घरच्यांची समजूत लागते. म्हणून नियम असा ठेवावा कीं वडील माणसांत एकाएकीं किंवा हळूहळू फरक दिसला, तर आधीं दवाखाना, मग मत. मीं आधीं मत दिलें; त्यामुळें एका बाईचें एक वर्ष अंधारांत गेलें.

३. शिक्का ज्याच्यावर बसतो त्याचें काय होतें

दुसऱ्यानें दिलेला निवाडा मनुष्य हळूहळू स्वतःच स्वीकारतो, हें ह्या विषयांतील सर्वांत दुःखाचें अंग होय. ‘तुम्हांला जमणार नाहीं’ असें दहादां ऐकलें कीं अकराव्या वेळीं आजी स्वतःच म्हणते, ‘मला नाहीं जमायचें.’ येल विद्यापीठांतील बेका लेव्ही यांनीं २००२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो संस्थानांतील एका गांवांत पन्नास व त्याहून अधिक वयाच्या ६६० माणसांस पूर्वीं त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाविषयीं प्रश्न विचारलेले होते. पुढें सुमारें २३ वर्षांपर्यंत कोण किती जगलें हें पाहिलें, तेव्हां स्वतःच्या म्हातारपणास चांगलें मानणारे हे वाईट मानणारांपेक्षां सरासरीनें साडेसात वर्षें अधिक जगले होते. वय, पैसा व शरीराची शक्ति यांतील भेद हिशेबांत धरूनही अंतर उरलें. केवळ चांगल्या विचारानें आयुष्य वाढतें असें ह्यावरून छातीठोक म्हणतां येत नाहीं. पण घरांतील रोजचें बोलणें वृद्धाच्या हाडांपर्यंत पोहोंचतें, एवढें समजण्यास हें पुरेसें आहे.

मदतही कधीं कधीं शिक्क्याचेंच काम करते. १९७६ सालीं एलेन लँगर व जुडिथ रोडिन यांनीं अमेरिकेंतील एका वृद्धाश्रमांत प्रयोग केला. एका मजल्यावरील वृद्धांस सांगितलें, ‘तुमची सर्व काळजी आम्ही घेऊं,’ आणि प्रत्येकास एक रोप देऊन त्यास पाणी घालण्याचें काम परिचारिकांकडे ठेविलें. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांस सांगितलें, ‘आपल्या खोलींत काय कसें असावें हें तुम्हींच ठरवा,’ आणि रोप त्यांनींच निवडून त्यांनींच सांभाळावें असें केलें. तीन आठवड्यांनीं पाहिलें, तों दुसऱ्या मजल्यावरील माणसें अधिक प्रसन्न, अधिक जागरूक व अधिक हालचाल करणारीं दिसलीं. जेवण, खोली, औषध सर्वांस सारखेंच होतें. अंतर पडलें तें एका कुंडीच्या जबाबदारीचें. आम्हीं आजीच्या हातांतून थाळी काढून घेतली तेव्हां तिचीही कुंडीच काढून घेतली होती.

४. नातीं थोडीं होतात, पण उथळ होत नाहींत

‘आजोबा आतां कोणांत मिसळत नाहींत, माणूसघाणे झाले,’ अशी दुसरी एक तक्रार ऐकूं येते. हाही घाईचा निवाडा होऊं शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॉरा कार्स्टेन्सन यांनीं असें दाखविलें आहे कीं उरलेला काळ थोडा आहे असें मनुष्यास वाटूं लागलें कीं तो ओळखीपाळखीचीं माणसें सोडून जिवाभावाचीं थोडीं माणसें जवळ ठेवतो. तरुणास पुढचें जग मिळवावयाचें असतें, म्हणून तो ओळखी वाढवितो; वृद्धास मिळविलेलें जपावयाचें असतें, म्हणून तो निवड करितो. गांव कायमचें सोडून जाणारा तरुणही शेवटच्या रात्रीं बाजारांत न हिंडतां आईजवळच बसतो. तेंच हें.

परंतु निवडलेलें एकटेपण व लादलेलें एकटेपण ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मुलें नोकरीसाठीं पुण्यामुंबईस गेलीं, घरीं दोन म्हातारीं उरलीं, आणि त्यांतूनही एक निघून गेलें, अशीं घरें आज प्रत्येक गांवांत आहेत. २०११ सालच्या जनगणनेंत साठ वर्षांवरील लोक भारतांत सुमारें १० कोटी ४० लक्ष होते, आणि त्यांतील सुमारें ७ कोटी ३० लक्ष खेड्यांत राहत होते. म्हणजे हा प्रश्न शहरांतील वृद्धाश्रमांपेक्षां आपल्या ओसरीचाच अधिक आहे. पुण्यांत डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह १८६३ सालीं स्थापन झालें. त्यास आज लोक ‘निवारा’ म्हणून ओळखतात. अशा संस्थांचे उपकार मोठे आहेत. पण ज्यास घर आहे त्यास घरांतच परकें करूं नये, हें काम कोणतीही संस्था आपल्यासाठीं करूं शकत नाहीं.

५. वृद्धांनींही विचार करावा

पाठ एका बाजूचाच होऊं नये. वडील माणसेंही निवाडे देतात. ‘हल्लींचीं पोरें आळशी,’ ‘सुनांना वळण नाहीं,’ ‘मोबाइलनें सगळीं बिघडलीं,’ हीं वाक्यें ‘वय झालें’ ह्याचींच भावंडें आहेत. फ्रेडा ब्लँचर्ड-फील्ड्स यांनीं माणसांपुढें संसारांतील भांडणाच्या गोष्टी ठेवून दोष कोणाचा असें विचारलें. कित्येक गोष्टींत वृद्धांनीं परिस्थितीपेक्षां माणसाच्या स्वभावास अधिक दोष दिला. विशेषतः गोष्ट त्यांच्या जुन्या समजुतींस धक्का देणारी असेल तेव्हां. शहरांतला मुलगा दिवाळीस आला नाहीं म्हणजे तो निर्दय झाला असें ठरविण्यापूर्वीं, त्याला रजा मिळाली कीं नाहीं एवढें विचारावें. रूथ व नामी यांची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. तेथें सासूनें सुनेस बांधून ठेविलें नाहीं, आणि सुनेनें सासूस ओझें मानलें नाहीं. म्हणूनच तें नातें टिकलें.

६. तीन साक्षीदार

आतां निवाड्याविरुद्ध साक्षी पाहूं. पहिले धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते गणित शिकवीत. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई ह्या विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरुडच्या लोकांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. लोकांच्या निवाड्याची धग त्यांनीं तरुणपणींच सोसली. पण त्यांच्या उतारवयाकडे पाहा. वयाच्या ७१ व्या वर्षीं, १९२९ सालीं, ते परदेशच्या प्रवासास निघाले व युरोपांतील शिक्षणपरिषदांतून आपल्या स्त्री-विद्यापीठाविषयीं बोलले. १९३६ सालीं, ७८ व्या वर्षीं, जेथें शाळा नाहींत अशा खेड्यांसाठीं त्यांनीं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. १९४४ सालीं, ८६ व्या वर्षीं, जातिभेद मोडून समता यावी म्हणून समता संघ स्थापिला. १९५८ सालीं, वयाचीं शंभर वर्षें भरलीं तेव्हां, त्यांस भारतरत्न मिळालें. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं त्यांचा अंत झाला. साठीस कोणीं त्यांच्या हातांतून थाळी काढून घेतली असती, तर किती खेड्यांचें नुकसान झालें असतें!

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्याही एप्रिल १८५८ च्याच, म्हणजे कर्व्यांहून अवघ्या पांच दिवसांनीं लहान. वर सांगितलेल्या गोदूबाई त्यांच्याच शारदा सदनांत शिकल्या होत्या. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. कानांनीं ऐकूं येत नव्हतें. १९२१ सालीं मनोरमा ही एकुलती एक मुलगी वारली. तरी केडगांवच्या मुक्ति मिशनांत काम चालूच राहिलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं मृत्यु येण्यापूर्वीं त्यांनीं भाषांतर पुरें केलें. ऐकूं न येणें म्हणजे न समजणें नव्हे, हें ह्या एका उदाहरणावरून शिकावें.

तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेचें रीतसर शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें. पति नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मवृत्ताचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्या ६६ वर्षांच्या होत्या. मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. ज्या आठवणी म्हाताऱ्यांच्या ‘त्याच त्या गोष्टी’ म्हणून आपण कंटाळून ऐकतों, त्याच आठवणी कोणीं लिहून घेतल्या तर त्यांचें काय होतें, हें ह्यावरून दिसतें.

हीं तिन्ही माणसें थोर होतीं, आमच्या घरचीं म्हातारीं तशीं नाहींत, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण थोरपण हा येथें मुद्दा नाहीं. त्यांस काम करावयास मोकळीक होती. आमच्या घरच्यांस ती आम्हीं दिली आहे काय, हा मुद्दा आहे.

७. आतां काय करावें

पहिलें, विचारावें. ‘तुम्हांला हें झेपेल का?’ असें नव्हे, तर ‘हें कसें करावें असें तुम्हांला वाटतें?’ असें विचारावें. दुसरें, काम काढून घेऊं नये. जड झालें तर त्याचा वांटा करावा. मोजणीस शेजारीं नातू बसवावा, पण थाळी आजीपुढेंच असावी. तिसरें, वृद्ध मनुष्य समोर असतां त्याच्याविषयीं तिऱ्हाइतासारखें बोलूं नये, व त्याच्याशीं लहान मुलाशीं बोलावें तसें बोबडें बोलूं नये. चवथें, वर्षांतून एकदां डोळे व कान तपासून घ्यावे. पांचवें, उपदेशकांनीं आपल्या मंडळींतील वृद्धांचीं नांवें लिहून काढावीं व प्रत्येकापुढें एक जबाबदारी लिहावी. ज्याच्यापुढें कांहींच लिहितां येत नाहीं, त्याच्याकडे प्रथम जावें.

आणि जेथें दुर्लक्षाची मजल छळापर्यंत गेली असेल तेथें गप्प राहूं नये. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या कायद्याप्रमाणें, स्वतःचा निर्वाह करूं न शकणाऱ्या आईबापांस मुलांकडून पोटगी मागतां येते. ज्येष्ठ नागरिक म्हणजे साठ वर्षांवरील मनुष्य. अर्ज त्यासाठीं नेमलेल्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. प्रांत कार्यालयांत चौकशी केली म्हणजे वाट समजते. काळजी घेण्याच्या अटीवर जमीन किंवा घर मुलांच्या नांवें करून दिलें, आणि मुलांनीं ती अट पाळली नाहीं, तर तो व्यवहार रद्द करून मागण्याचीही तरतूद आहे. म्हणून कागद करितांना ती अट कागदांतच लिहून घ्यावी. कायद्यानें भाकर मिळेल. मान मात्र घरच्यांनींच द्यावयाचा आहे.

आजीची थाळी तिला परत मिळाली. पहिल्या रविवारीं तिनें नाणीं मोजलीं, रक्कम सांगितली, आणि तरुण चिटणीसानें पुन्हां मोजून पाहिली. आजी म्हणाली, ‘मोज बाबा, मोज. माझंबी मोज आन् तुझंबी.’ रक्कम बरोबर होती. त्यानंतर आमच्या मंडळींत प्रत्येकाची मोजणी दुसरा तपासूं लागला, मग मोजणारा तरुण असो वा वृद्ध. एकच तराजू, एकच वजन. ज्या दिवशीं ‘आतां वय झालें’ हें वाक्य तुमच्या ओठांवर येईल, त्या दिवशीं क्षणभर थांबा, आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. मागच्या आठवड्यांत तुम्हीं कोणा वडील माणसाविषयीं निवाडा दिला काय? त्यास पुरावा काय होता?
२. तुमच्या घरांतील वृद्धाकडून कोणतें काम काढून घेतलें आहे? तें त्यांनीं स्वतः सोडलें, कीं आपण सोडविलें?
३. वडील मंडळींनीं सांगावें : तरुणांविषयींचें तुमचें कोणतें मत तुम्हीं कधीं तपासून पाहिलें नाहीं?
४. तुमच्या गांवांत एकटें राहणारें वृद्ध माणूस कोण आहे? ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल, हें सभा संपण्यापूर्वीं ठरवा.